ओसरीत न मावलेला शेवट

लुबोवाला बसलेला पाहिलाय असं छातीठोकपणे सांगणारा माणूस आमच्या न्येंडो गावात अजून सापडायचा आहे. चहाच्या टपरीवर तो उभा. न्हाव्याकडे खुर्चीच्या काठावर, म्हणजे न्हाव्याचाच जीव मुठीत. चर्चमध्ये मागच्या भिंतीशी, या पायावरून त्या पायावर. त्याची बायको नाल्वोगा म्हणते, लग्नाच्या फोटोत बाकी सगळे स्पष्ट आलेत, नवरामुलगा तेवढा हललाय.

धंदा बोलण्याचा. दुसऱ्याच्या सिनेमात आपलं तोंड घालायचं. सिनेमा चिनी असो, कोरियन असो की हिंदी, पडद्यावरची माणसं काहीही बडबडू देत, वरून लुबोवाचा आवाज आमच्या लुगांडा भाषेत सगळं सांगणार: कोण कुणावर चिडलंय, का चिडलंय, आणि हा खलनायक आपल्या बाजारातल्या कुठल्या कोळसेवाल्यासारखा चालतो. अशा माणसाला आमच्याकडे व्हीजे म्हणतात. लुबोवाचं जाहिरातीवरचं नाव ‘व्हीजे सेफुलिया’. सेफुलिया म्हणजे पातेलं. रिकाम्या पातेल्यावर पळी आपटावी तसा आवाज, म्हणून हे नाव लोकांनीच ठेवलं, आणि त्यानं ते अंगावर घालून मिरवलं.

पूर्वी तो हॉलमध्ये माइक घेऊन प्रत्यक्ष बोलायचा. मग रेकॉर्डिंग आलं. आता घरी आवाज भरायचा, चित्राला जोडायचा, पेनड्राइव्हवर घालून धाडायचा. मसाका भागातल्या चौदा हॉलांत त्याचा आवाज फिरतो आणि तो स्वतः घरात फेऱ्या मारतो.

त्या चौदांतला त्याच्या जिवाचा हॉल एकच, हज करून आलेल्या म्हणून हज्जाती म्हणवणाऱ्या नाबुकीराबाईंचा. पत्र्याचं छप्पर, लाकडी बाकं, चादरीचा पडदा, शनिवारी दुपारी तीनचा खेळ. अकरा वर्षं तो खेळ लुबोवाचा होता. नोव्हेंबरच्या सुरुवातीला हज्जातींनी नवा प्रोजेक्टर आणला आणि लुबोवाला बोलावून घेतलं. एका हातात त्यांची जपमाळ, दुसऱ्या हातात रिमोट.

“सेबो,” त्या म्हणाल्या, आमच्याकडे पुरुषमाणसाला असंच हाकारतात, “तुझे सिनेमे अंधूक दिसतात. नायकाला नाक आहे की नाही तेच कळत नाही.”

“हज्जाती, आवाज तर स्वच्छ असतो ना?”

“आवाज ऐकायला माणसं रेडिओ लावतात. इंग्लंडचा फुटबॉल कसा लख्ख दिसतो बघ. गवताची पाती मोजून घे.” त्यांनी रिमोटनं जपमाळेचाच एक मणी सरकवला. “एक शनिवार देते. स्वच्छ, मोठ्या चित्राचा सिनेमा आण. माणसं शेवटपर्यंत बसली तर शनिवार तुझा. मधे उठली तर त्याच मिनिटाला फुटबॉल, आणि मग कायमचाच.”

लुबोवा बाहेर आला तो थेट चालायला लागला. दोनदा स्वतःचं घर ओलांडून पुढे गेला.

सिनेमा त्यानं हिंदी निवडला. तीन तासांचा, रडका, घसघशीत. एका विधवेची मुलगी ढोलवाल्याबरोबर पळून जाते. म्हातारी जावयाचं तोंड बघणार नाही म्हणून दाराला कडी लावून बसते. शेवटी वादळी रात्री दारावर थाप पडते, म्हातारी कंदील घेऊन उठते, दार उघडते, समोर जावई. दोघं गळ्यात पडून रडतात.

आता सासू आणि जावई गळ्यात पडले, असं न्येंडोत दाखवलं तर अर्धा हॉल डोळे झाकून बाहेर पळेल. आमच्याकडे जावई सासूच्या नजरेला नजर देत नाही, एका छपराखाली तिच्यासमोर येत नाही. ती रस्त्यानं आली तर हा केळीच्या बागेत शिरतो, ती गोमेसीचा, म्हणजे पायघोळ झग्याचा, सोगा तोंडावर ओढून पुढे जाते. हे मोडलं तर ओबुको लागतो. हात थरथरायला लागतात, मान डुगडुगायला लागते आणि औषध लागू पडत नाही. म्हणून लुबोवानं शेवटी दारात येणारा जावई बदलून म्हातारीचा भाऊ करून टाकला होता. व्हीजेला एवढी मुभा असते.

पण दुसरी एक आगळीक त्यानं करून ठेवली होती, आणि ती सगळ्या गावाला ठाऊक होती. सिनेमात म्हातारी आली, मग ती चिनी असो की हिंदी, की लुबोवा तिला एकच आवाज द्यायचा. घशात तीनदा खाकरायचं, “ऊं” म्हणायचं, मग नाकातून बोलायचं. हा आवाज नाम्यालोबाईंचा होता. नाम्यालोबाई म्हणजे नाल्वोगाची आई, लुबोवाची सख्खी सासू.

आणि नाम्यालोबाई दर शनिवारी त्याच हॉलमध्ये, बायकांच्या पहिल्या बाकावर, तळलेल्या नाकतोड्यांचा पुडा घेऊन बसायच्या. रेकॉर्डिंग म्हणजे जावई थोडाच? पेनड्राइव्हला तोंड नसतं, त्यामुळे रीत मोडत नव्हती. लुबोवा तेवढा वेळ बाहेर फणसाच्या झाडाखाली येरझारा घालायचा आणि आतलं हसू ऐकायचा. त्यात एक हसू उशिरा यायचं, सगळे थांबल्यावर. ते सासूबाईंचं. लग्नाला अकरा वर्षं झाली, त्याच्या बोलण्याला तिच्याकडून तेवढी एकच दाद त्याच्या कानावर पडली होती.

सिनेमा ठरला, आता यंत्राची गोष्ट. लुबोवाच्या लॅपटॉपमध्ये दोन बिऱ्हाडं राहतात. एक विंडोजचं. आवाज भरायचा, घुमवायचा, पातेल्यासारखा वाजवायचा प्रोग्राम त्याच बिऱ्हाडात. पण चौदा हॉलांचे पेनड्राइव्ह आत-बाहेर करून तिथे इतके व्हायरस झाले की त्यांनी दोन सिनेमे अर्धे खाऊन टाकले. मग बाजारातल्या कायीरानं दुसरं बिऱ्हाड थाटून दिलं, लिनक्सचं. कायीरा पूर्वी टेलिफोनच्या खांबांवर चढायचा, आता रेडिओ, मोबाइल, कॉम्प्युटर, जे येईल ते उघडतो. माणूस हुशार, पण साधी वेळ विचारली तरी घड्याळाचा शोध कसा लागला इथून सुरुवात करणारा. चित्राला आवाज जोडायचं जड काम लिनक्समध्ये होतं, तिथे यंत्र अडत नाही. लॅपटॉप सुरू केला की आधी विचारतो, कुणाकडे जाणार? एका वेळी एकाच बिऱ्हाडाचं दार उघडतं.

आवाज त्यानं बुधवारपर्यंत भरला, गुरुवारी चित्राला जोडला. नव्या प्रोजेक्टरला शोभेल असा सिनेमा, साडेचार गिगाबाइटचा. एरवीचे त्याचे सिनेमे एका गिगाबाइटच्याही आत असायचे. लिनक्समध्ये त्यानं शेवट दोनदा पाहिला, उभ्या-उभ्या. सगळं जागच्या जागी होतं.

मग यंत्र बंद करून विंडोजमध्ये गेला, कारण हज्जातींच्या पेनड्राइव्हवरचे व्हायरस आधी तिथे धुवावे लागतात. सिनेमा उचलायला, नेहमीची वाट विसरून, थेट लिनक्सची खोली उघडायला गेला तर पडद्यावर पाटी आली: ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करायची का?

घाईत माणूस ‘हो’ म्हणतोच. बोट ‘हो’वर गेलंही होतं. तेवढ्यात नाल्वोगानं मागून विचारलं, “न्दागिरेचे बाबा, भातात मीठ कमी आहे का बघता?” त्यानं बोट उचलून आधी भात चाखला. एवढ्यावर निभावलं. मग लॅपटॉप उघडाच काखेत मारून तो कायीराकडे पळाला.

“‘हो’ म्हणालास?” कायीराच्या हातातला पेचकस खाली पडला.

“नाही रे बाबा.”

“म्हणाला असतास तर सगळी खोली धुऊन निघाली असती. सिनेमा गेला, आवाज गेला, सासूही गेली.”

“सासूचं नाव काढू नकोस.”

“अरे, विंडोजला त्या खोलीची मांडणीच कळत नाही. त्याला वाटतं खोली रिकामी, भिंतींना चुना लावायला हवा. म्हणून तर तुला मधली ओसरी करून दिली होती ना? दोघांनाही कळते अशी. इकडून ठेवायचं, तिकडून उचलायचं. ओसरीची पद्धत जुनी आहे, पार जुनी. तेव्हा डिस्कच मुळात केवढ्या असायच्या माहीत आहे? मी खांबावर होतो तेव्हा...”

पुढे कायीरा बराच वेळ बोलला. त्या बोलण्यात, खांब आणि जुन्या डिस्क यांच्या मधे कुठेतरी, ओसरीत चार गिगाबाइटपेक्षा मोठी एक वस्तू मावत नाही, हेही त्यानं सांगितलं होतं. शेजारच्या वेल्डिंगवाल्यानं ते ऐकलं, बोडा, म्हणजे भाड्याची मोटरसायकल, घेऊन बाहेर उभा होता त्यानंही ऐकलं. लुबोवा तेव्हा रस्त्यापलीकडे नाकतोडे पकडायला लावलेल्या पत्र्यांकडे बघत, पाय हलवत, मनात शनिवार मोजत होता.

घरी येऊन परत लिनक्समध्ये गेला. कायीरानं त्याला एक सोय करून दिली होती: सिनेमा ओसरीत पाठवायचं एक बटण. दाबलं की एक काळी चौकट उघडायची, काम झालं की आपोआप मिटायची. लुबोवानं दाबलं. चौकट उघडली, बराच वेळ थांबली, शेवटी एक ओळ लिहिली आणि मिटली. ती ओळ वाचायला डोळा लवायचाही अवधी नव्हता. वस्तू फार मोठी आहे, असं ती बिचारी सांगत होती. जेवढं मावलं तेवढं ओसरीत, उरलेलं उंबऱ्याबाहेर.

विंडोजमध्ये आल्यावर ओसरीत सिनेमा दिसला. नाव बरोबर, सुरुवात बरोबर. मधे एका ठिकाणी उघडून पाहिलं, तेही बरोबर. मग पेनड्राइव्हवर घातला. पेनड्राइव्हही त्याच जुन्या पद्धतीचा, पण आता सिनेमा कापला जाऊन नेमका मावेल एवढाच झाला होता, त्यामुळे त्यानंही तक्रार केली नाही.

शुक्रवारी लुबोवानं नाल्वोगाला पाच वेळा विचारलं, “काहीतरी राहिलंय असं वाटतं का गं?”

“तुमचं बूड जमिनीला टेकायचं राहिलंय.”

शनिवारी हॉल असा भरला की बाकांच्या मधे बादल्या उलट्या घालून माणसं बसली. नवं चित्र लख्ख होतं. नायकाला नाक होतं, नाकात केसही होते. लुबोवा फणसाखाली. हसू आलं, मग उशिराचं हसू आलं. म्हातारी पहिल्यांदा खाकरली तेव्हा छप्पर उडायचं बाकी राहिलं. अडीच तास झाले, कुणीही उठलं नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा लुबोवानं झाडाच्या मुळाकडे पाहिलं, की बसावं का.

आत वादळ सुरू झालं. दारावर थाप पडली. म्हातारी उठली, कंदील उचलला, कडीला हात घातला, आणि पडदा निळा झाला.

मग कुणीतरी म्हणालं, “वीज गेली का?”

“वीज गेली असती तर निळं कसं दिसलं असतं, गाढवा?”

“उघड गं म्हातारे दार!”

“कोण आलंय ते तरी सांगा!”

मग मागच्या बाकांवरून, हळूहळू टाळ्यांच्या तालावर, “फुटबॉल! फुटबॉल!”

कायीरा मागच्या दारानं धावत बाहेर आला. “चार गिगाबाइट!” तो असा ओरडला की झाडावरचा कावळा उडाला. “साडेचार घातलेस ना ओसरीत? मी सांगितलं होतं! वेल्डिंगवाल्याला विचार!”

“बाकीचा सिनेमा?”

“तुझ्या घरी, लिनक्सच्या खोलीत, सुखरूप.”

घर टेकडीवर, कितोवूला. बोडानं जाऊन येऊन अर्धा तास. दारात हज्जाती उभ्या होत्या, रिमोट छातीशी धरून. “सेबो, लोक उठायला लागले. बटण दाबू?”

“हज्जाती, थोडं थांबा.”

“मी थांबेन. ते थांबतील का?”

लुबोवानं आत डोकावलं आणि लगेच मान मागे घेतली. पहिल्या बाकावर जांभळ्या गोमेसीत पाठ ताठ. सगळे वळून दाराकडे बघत होते, ती एकटी निळ्या पडद्याकडे बघत होती. शेवट त्याला पाठ होता. माइक हातात घेतला की दोन मिनिटांत सांगून झाला असता. पण माइक घेऊन पडद्यापुढे उभं राहायचं म्हणजे सासूच्या पुढ्यात उभं राहायचं.

त्यानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. अजून थरथरत नव्हते.

“पडद्यामागे काय आहे, हज्जाती?”

“माझ्या कोळशाची पोती. का?”

“आणि जुना माइक?”

“पोत्यांवरच. कोळ्यानं घर केलंय त्यात.”

तो मागच्या बाजूनं, बांधलेल्या बकऱ्या ओलांडून आत शिरला. पोत्यांच्या फटीत जेमतेम एक माणूस. चादरीतून निळा उजेड पाझरत होता. लुबोवानं पडद्याकडे पाठ केली, तोंड भिंतीकडे. वर डोळेही मिटून घेतले, उगाच धोका नको. कायीरानं वायर जोडली. कोळी निघाला.

“थांबा!” पातेलं वाजलं. “कुणीही उठू नका. म्हातारीनं अजून दार उघडलेलं नाही!”

टाळ्या तुटल्या. “सेफुलिया?” कुणीतरी म्हणालं. “खुद्द?”

“पाऊस असा कोसळतोय,” त्यानं पत्र्याच्या भिंतीवर मूठ आपटली, “की कंदिलाची वात सापासारखी डोलते. म्हातारी कडीवर हात ठेवून उभी आहे. आणि ती...”

इथे म्हातारीला खाकरायला हवं होतं. सगळ्या हॉलला ठाऊक होतं. रेकॉर्डिंगमध्ये खाकरणं वेगळं; इथे चादरीपलीकडे चार हातांवर ती बसली होती. न खाकरावं तर म्हातारी खोटी ठरते, लोक उठतात, शनिवार जातो.

तो खाकरला. एकदा. दोनदा. तीनदा. “ऊं.”

हॉल फुटला. बादल्या उलथल्या. हसू थांबायला फार वेळ लागला, आणि थांबल्यावर जे उशिराचं हसू यायचं ते आलं नाही. लुबोवाच्या कपाळावरून घामाचा ओघळ कोळशावर पडला. त्याला वाटलं, ती उठून गेली. आता पुढे बोलायचं ते भिंतीशीच.

मग बायकांच्या बाकावरून आवाज आला, नाकातला, संथ.

“ए पडद्या. तिनं दार उघडलं की नाही?”

कुणीही हसलं नाही. पडद्याशी बोलायला रीत आड येत नव्हती.

रेकॉर्डिंगमध्ये भाऊ होता. खऱ्या सिनेमात जावई होता आणि गळामिठी होती. लुबोवानं दोन्ही टाकून दिलं.

“नाही उघडलं,” पडदा म्हणाला. “ती दाराआडूनच म्हणाली, ‘कोण?’ बाहेरून आवाज आला, ‘मी. तुमच्या मुलीचा ढोलवाला.’ म्हातारीनं हात कडीवरून काढला. मग म्हणाली, ‘भिजलास का?’ तो म्हणाला, ‘भिजलो.’ ‘जेवलास का?’ ‘नाही.’ मग म्हातारीनं दार उघडलं नाही, तोंडही पाहिलं नाही. ताट वाढलं, मागच्या खिडकीत ठेवलं आणि पाठ फिरवली. तो खिडकीखाली पावसात उभ्यानं जेवला. आत म्हातारी पाठमोरी उभी राहिली, त्याचं चावणं ऐकत.”

हॉलमध्ये नाकतोडा चावल्याचाही आवाज येईना.

“ताटात काय होतं?” बाकावरून विचारलं.

“माटोके, केळी वाफवून. आणि... शेंगदाण्याचा रस्सा.”

“नुसता? मासा नाही?”

“गरीब होती हो म्हातारी.”

“एवढी गरीब नव्हती. तिच्या छपराला चांगले पत्रे होते, मी पाहिलेत. मासा घाल.”

“घातला,” पडदा म्हणाला. “धुरावलेला. मोठा तुकडा.”

“ऊं,” बाकावरून आलं. त्यावर जे हसू उठलं त्यानं छपरावरची धूळ सगळ्यांच्या डोक्यावर पडली. हज्जाती दारातच उभ्या राहून हसत होत्या आणि रिमोट त्यांनी कधी काखेत खोचला ते त्यांनाच कळलं नाही. फुटबॉलचं नावही कुणी काढलं नाही. लोक बाहेर पडले ते माशावर वाद घालत, की शेपटीकडचा की मधला.

लुबोवा सगळे जाईपर्यंत पोत्यांतच उभा राहिला. बाहेर आला तेव्हा तोंड काळं, हात काळे, आणि दोन्ही हात थरथरत होते.

“हे बघ,” तो नाल्वोगाला दाखवू लागला. “लागला ओबुको.”

“भूक लागली आहे तुम्हाला. सकाळपासून पोटात काही नाही.” तिनं त्याचे हात धुतले, चहाचा कप दिला. कप बशीवर टकटक वाजत राहिला. रविवारी सकाळीही थोडा वाजला.

त्या रविवारीच कायीरा मोठ्या मनानं आला आणि ओसरी मोडून नवी बांधून गेला, दोघांनाही कळेल अशी, कितीही मोठी वस्तू मावेल अशी. हज्जातींना कळलं तेव्हा त्या उखडल्या. “कुणी सांगितलं होतं दुरुस्त करायला? पुढच्या शनिवारीही कडीला हात घातल्यावरच तोड सिनेमा. अर्धं गाव शेवट ऐकायला परत येतंय.” म्हणजे आता लुबोवाला दर आठवड्याला चांगला सिनेमा हातानं कापायचा होता आणि कोळशात उभं राहायचं होतं. शनिवार राहिला, पण फणसाखालचं मूळ पुन्हा रिकामंच.

दुपारी नाल्वोगा आईकडून आली. केळीच्या पानात बांधलेलं गरम पुडकं तिनं स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीत ठेवलं.

“आईनं दिलंय. म्हणाली, पडद्याला दे.”

लुबोवानं पान सोडलं. शेंगदाण्याचा रस्सा, त्यात धुरावलेल्या माशाचा मधला तुकडा. तो खिडकीशी उभ्यानंच खायला लागला.

“आणि निरोप आहे.”

त्यानं हातातला घास परत पानात ठेवला. “काय?”

“म्हणाली, म्हातारी दोनदाच खाकरते. तीनदा नाही. पुढच्या शनिवारी नीट कर म्हणावं.”